शपथेचा कोनाडा

त्या मुलखात पाऊस पडत नसे आणि लांडगे हटत नसत. तिथल्या शेळ्यांचे सगळे जगणे या दोन गोष्टींवर बेतलेले होते. पाऊस नाही म्हणून त्यांनी आपल्या गडाचा तट सैंधव मिठाच्या चिऱ्यांनी बांधला होता. डोंगरातून तेवढा एकच दगड निघे, आणि कोरड्या हवेत तो लोखंडासारखा उभा राही. लांडगे आहेत म्हणून त्या तटावर दरवर्षी एक नवा थर चढे. युद्ध कधी सुरू झाले ते कुणाला आठवत नव्हते. ते कधी संपेल असे कुणी विचारले, तर खुराखाली काटा आल्यासारखे सगळे थांबत आणि विचारणाऱ्याकडे बघत.

अशा त्या गडावर एका उतरत्या दुपारी कापशी नावाच्या तरुण शेळीला एक गोष्ट खटकली. गोष्ट अगदी लहान होती. शपथेच्या कोनाड्यात अंधार असायला हवा होता. तो नव्हता.

कोनाड्याची हकिकत अशी. गड बांधून झाला त्या दिवशी पहिल्या किल्लेदाराने पश्चिमेच्या तटाला जीभ लावली आणि म्हटले, "या तटाचं मीठ माझ्या जिभेवर आहे, तोवर मी शत्रूला पाठ दाखवणार नाही." तेव्हापासून प्रत्येक शेळीने आणि बोकडाने रोज सकाळी, त्याच जागी, तशीच शपथ घ्यायची असा प्रघात पडला. शपथ घेऊन बाहेर आले की पहारेकऱ्याला जीभ दाखवायची. जिभेवर मिठाची पांढरी साय दिसली म्हणजे शपथ लागली.

पिढ्या गेल्या. जिथे पूर्वी नुसती ओली खूण होती तिथे खळगा झाला, खळग्याचा कोनाडा झाला, आणि आता तर आत शिरलेली शेळी शेपटीसकट दिसेनाशी होई. गडकऱ्यांना या खोलीचा फार अभिमान. पाहुणे आले की त्यांना आधी कोनाडा दाखवत. "आमची निष्ठा किती खोल आहे बघा," म्हणत. खरे तर गडावरचा पाला अगदी अळणी होता आणि एकदा जिभेला लागलेले मीठ सोडवत नसे. पण हे कुणी बोलून दाखवत नसे. मोठ्या हुद्द्याचे बोकड आत जास्त वेळ थांबत. त्यांची निष्ठाही तेवढीच मोठी असणार, असे बाकीचे समजत आणि आपापल्या परीने त्यांची बरोबरी करू बघत.

कापशीला त्या दिवशी शपथेला उशीर झाला, कारण पहाटे तिची थोरली बहीण खैरी व्याली. जुळी करडे झाली. एक आईसारखे तांबूस, दुसरे पांढरे. दोघी बहिणींनी मिळून त्यांना चाटून कोरडे केले, त्यांच्या लडखडत्या पायांना हसून घेतले, आणि ऊन कलल्यावर कापशीला आठवले की आपली जीभ अजून बिनमिठाची आहे. ती धावत कोनाड्यापाशी गेली, आत शिरली, आणि थबकली.

टोकाशी, जिथे जीभ लावायची तिथे, चिरा आतून उजळला होता. फिकट गुलाबी. करडू उन्हाकडे पाठ करून उभे राहिले की त्याच्या कानातून जसा उजेड दिसतो, बारीक शिरांसकट, तसा.

कापशी मागच्या मागे बाहेर आली.

ती मुळातच बिचकणारी. पान सळसळले तर उडी मारे, स्वतःच्या सावलीला आधी हुंगून बघे. गडावर तिला बिचकीच म्हणत. पाठशाळेत तिने तटविद्या शिकून घेतली होती. पण शिकल्याने तिची भीती कमी झाली नव्हती, तिच्या भीतींना फक्त नावे मिळाली होती.

कोनाड्याच्या तोंडाशी भुऱ्या नावाचा बोकड पहाऱ्यावर होता. तिला तशी धडपडत आलेली बघून त्याने विचारले, "काय गं बिचके, आत लांडगा बसलाय का?"

"भुऱ्यादादा, आत उजेड आहे."

"दुपार आहे. उजेड असायचाच."

"मागून नाही. पुढून येतोय."

भुऱ्या रवंथ करायचा थांबला. मग पुन्हा करू लागला. "परवा तुला केरसुणीत साप दिसला. त्याच्या आदल्या दिवशी ढगात लांडगा दिसला, आणि आपल्याकडे ढगसुद्धा नसतात. जीभ दाखव."

तिने दाखवली. जीभ कोरडी, गुलाबी.

"शपथ न घेताच आलीस?"

"तू एकदा आत जाऊन बघ ना."

"मी सकाळी जाऊन आलोय. पुन्हा गेलो तर म्हणतील, भुऱ्याची सकाळची शपथ कच्ची निघाली." मग इकडेतिकडे बघून तो हळू आवाजात म्हणाला, "हे बघ, आपण जायचो जिवानिशी आणि तिकडे कुणी म्हणायचं वातड होता. आपला जन्मच तसला. त्यात आणखी नको तिथे डोकावून बघायची हौस कशाला? जा, जीभ लावून ये. मी काही पाहिलं नाही."

कापशी पुन्हा आत गेली. डोळे मिटून तिने जिभेचे नुसते टोक टेकवले आणि शहारली. चिरा कोमट होता. कोनाड्यात इतक्या आत ऊन कधीच येत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा जाऊन पाहिले, तर कोनाडा काळाकुट्ट. चिरा गार. तिला वाटले, खरेच आपले डोळे फिरले असतील. स्वतःवर हसावे असेही तिच्या मनात आले. पण सूर्य पश्चिमेला गेला तशी ती पुन्हा गेली, आणि उजेड होता.

मग तिने शिकलेली विद्या वापरली. तटाला शिंग ठोकून बघायचे, असे तटविद्येत सांगितलेले आहे: भरीव तट ढब्ब वाजतो, पोकळ तट टण्ण वाजतो. ती तटाकडेने चालत ठोकत गेली. ढब्ब. ढब्ब. दिंडी दरवाजापाशी ढब्ब, बुरुजाखाली ढब्ब. तिला हायसे वाटू लागले. कोनाड्याच्या जवळ आल्यावर आवाज चढला. आणि कोनाड्याला लागूनच जे करडघर होते, तिथे मडक्यावर टिचकी मारावी तसा तट वाजला.

करडघर मुद्दामच तिथे बांधलेले होते. शपथेच्या जागेइतकी राखलेली जागा गडावर दुसरी नाही, तेव्हा नवी जन्मलेली करडे तिथेच ठेवायची, भिंतीला टेकवून, अशी रीत. खैरीची दोन्ही करडे तिथे झोपली होती. पांढऱ्याने आपले कपाळ तटाला लावले होते. कापशी त्याच्याकडे बघत राहिली. तिला वाटले, पलीकडून कुणीतरी असेच कपाळ टेकून बसले असेल तर दोघांच्या मध्ये किती अंतर असेल?

करडघर ढवळी आत्याच्या ताब्यात होते. गडावरची निम्मी शिंगे तिच्या देखत फुटली होती, आणि ती गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे.

"आत्या," कापशी म्हणाली, "खैरीची करडं झऱ्याकडे हलवू या का? चार दिवस."

"का? इथं काटे टोचतायत?"

"तट पोकळ वाजतोय इथं."

"तू डोकं आपटून बघितलंस ना? मग पोकळ काय वाजलं ते तूच समज."

आजूबाजूच्या बाळंतिणी फिसकन हसल्या. कापशीचे कान खाली पडले, पण ती हलली नाही. "आत्या, थट्टा नको. मी खरंच घाबरले आहे."

"तू कधी घाबरलेली नसतेस, ते सांग," आत्या म्हणाली. तिचा आवाज थोडा निवळला. "अगं पोरी, या भिंतीला टेकून तुझी आई वाढली. तू वाढलीस. तू तर इतकी रडकी होतीस की भिंतीलाच तुझा कंटाळा आला असेल. पडायची असती तर तेव्हाच पडली असती. चार बुकं शिकलीस म्हणून आईसारख्या भिंतीला नावं ठेवायची?"

खैरी मात्र हसली नाही. आत्याची पाठ वळल्यावर तिने कापशीला जवळ ओढले. "खरं सांग. किती पोकळ?"

"माहीत नाही. पण उजेड येतो."

खैरीने करडांकडे पाहिले. "मला आत्ता उचलून न्यावीशी वाटतायत. पण यांचा बाप बुरुजावर आहे. त्याचीच बायको पिल्लं घेऊन तटापासून लांब गेली, असं झालं तर त्याला बुरुजावरून उतरवतील. आणि उतरवलेल्यांना चरायला कुठे पाठवतात, ठाऊक आहे ना?"

कापशीला ठाऊक होते. दिंडी दरवाजाच्या बाहेर.

"तू किल्लेदारांची परवानगी आण," खैरी म्हणाली. "त्यांनी नुसती मान हलवली तरी मी एका पायावर निघते. पण लवकर आण गं."

गडाचा किल्लेदार वाकशिंग हा म्हातारा, दमदार बोकड होता. तटाची जबाबदारी त्याची, आणि ती तो मनापासून पाळी. दर पंधरवड्याला त्याचे जाडजूड बोकड तटाच्या माथ्यावर चढत आणि एका तालात उड्या मारत. तट हलला नाही की 'अभेद्य' असा पुकारा होई. वरचे थर नवे होते, जाड होते. तट कधीच हलत नसे. खाली मान घालून बघायची पाहणीत पद्धत नव्हती. मान खाली घालणे हे त्या गडावर हरल्याचे लक्षण होते.

त्याने कापशीला बसायला सांगितले, पुढे कोवळा पाला ठेवला. "घे बाळ. तुझ्या आजोबांच्या शेजारी उभा राहून मी लढलोय."

कापशीने घरून सगळे जुळवून आणले होते, ते ऐन वेळी विस्कटले. आधी करडे, मग टण्ण, मग उजेड, मग पुन्हा करडे, असे तिने भडाभडा सांगितले. शेवटी म्हणाली, "दोनच विनंत्या आहेत, सरकार. उतरत्या उन्हात तुम्ही स्वतः एकदा आत या. आणि तोवर खैरीची करडं हलवू द्या. तट मुळात किती जाड होता ते कळलं, तर आता किती उरलाय..."

किल्लेदाराचे कान ताठ झाले. "किती जाड?"

"हो."

"हा प्रश्न तुला कुणी दिला?"

"कुणी नाही. मलाच पडला."

"बाळ," तो अगदी मायेने म्हणाला, "तट किती जाड आहे, हे जगात एकाच जमातीला हवं असतं." त्याने शिंगाने तटापलीकडे दाखवले. "म्हणून आम्ही ते मोजतच नाही. मला माहीत नाही. माझ्या आधीच्यांनाही माहीत नव्हतं. जे आपल्यालाच ठाऊक नाही, ते शत्रूला कळणार कसं?"

हे बोलणे इतके गुळगुळीत होते की क्षणभर कापशीलाही पटले. मग तिला जिभेखालचा तो कोमट चिरा आठवला. तिने किल्लेदाराकडे नीट पाहिले. त्याची दाढी बारीक थरथरत होती. भित्र्याला दुसऱ्याची भीती लगेच ओळखू येते. तो लांडग्यांना भीत नव्हता. आपला कळप घाबरेल, या भीतीने तो रात्रंदिवस पोखरलेला होता.

"तू आणखी कुणाला बोललीस?" त्याने विचारले.

"भुऱ्यादादाला. आत्याला. खैरीला."

"म्हणजे एव्हाना सगळ्यांना." त्याने लांब उसासा टाकला. "मन कचरलं की तट कचरतो. त्याला उपाय एकच."

त्याच संध्याकाळी दवंडी फिरली. गडावर शंकेचे वारे शिरले आहे. आजपासून सर्वांनी शपथ दोनदा घ्यावी: एकदा सकाळी, एकदा उतरत्या दुपारी. आणि ज्यांच्या मनाला शंका शिवली असेल, त्यांनी आत नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबावे.

आता रोज दुप्पट जिभा, असे दवंडी ऐकताना कापशीच्या मनात आले. पण त्यातही तिला एक आशा दिसली. उतरत्या दुपारी! म्हणजे आता सगळे जण पाहतील. एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर तिने काही सांगायची गरजच उरणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर रांग लागली. पहिला मान आत्याचा. ती आत गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. जिभेवर मिठाचा जाड थर होता.

"आत उजेड आहे," ती म्हणाली.

कापशी रांग मोडून पुढे धावली. "आत्या! मी म्हणत होते ना!"

"म्हणत होतीस खरी," आत्या गहिवरून म्हणाली. "मीच आंधळी. अगं, तेज आहे ते. इतक्या पिढ्यांनी इथं जीभ लावली, ती कुठं जाईल? चिऱ्यातून उमटतंय बघ!" आणि तिने कोनाड्यापुढे गुडघे टेकले.

मग रांगेत एकच खळबळ उडाली. जो तो आत जाऊन तेज बघून येऊ लागला. जो बघून येई तो दुसऱ्याला सांगे, आणि सांगताना ते आणखी थोडे उजळे. "माझ्या वेळी जास्त होतं." "मी जीभ लावली तसं वाढलं." हे मात्र खरे होते. जीभ लावली की ते वाढत होते. म्हातारे, पंगू, ज्यांना शपथ माफ होती तेही खुरडत आले. आयांनी अंगावर पिणारी करडे आणली आणि त्यांच्या इवल्या जिभा चिऱ्याला लावल्या. कापशी एका बाजूला उभी राहून ऐकत होती. आतून येणारा तो ओला, खरखरीत आवाज. एक थांबला की दुसरा. सगळ्यांनी पाहिले होते, आणि कुणालाही दिसले नव्हते.

भुऱ्या आपली पाळी करून बाहेर आला. त्याचे तोंड उतरले होते. तो कापशीच्या शेजारी येऊन उभा राहिला, तिच्याकडे न बघता.

"तू म्हणालीस तसंच आहे," तो पुटपुटला. "पुढूनच येतोय."

"मग सांग ना सगळ्यांना! माझं कुणी ऐकत नाही. तुझं ऐकतील."

"काय सांगू? आत्याने गुडघे टेकलेत त्याच्यापुढे." त्याने जीभ तोंडातल्या तोंडात फिरवली, चव गिळली. "आणि मीही चाटून आलोय, कापशे. चांगलं दणकून. मागचे घाई करत होते."

पहिल्यांदाच त्याने तिला बिचकी म्हटले नव्हते. त्यामुळे ती जास्तच घाबरली.

त्याच सुमारास बुरुजावरून खैरीच्या नवऱ्याचा निरोप आला. लांडग्यांनी दिंडी दरवाजासमोरचा तळ हलवला आहे. ते आता पश्चिमेच्या तटाखाली येऊन बसतात. हल्ला करत नाहीत, ओरडत नाहीत. ऐन उन्हात, जिभा काढून, ओळीने बसतात आणि तटाकडे बघत राहतात.

किल्लेदार प्रसन्न झाला. "तेज पलीकडेही पोचलेलं दिसतंय," तो म्हणाला. "कसे गुमान बसलेत बघा!"

कापशीने शपथ घेणे सोडले. कितीतरी दिवस तिची जीभ कोरडी होती. भुऱ्या पहाऱ्यावर असला की बघूनही न बघितल्यासारखे करी. पण गडावर कोरडी जीभ झाकून राहत नाही. बोलताना दिसते. पाण्यावर येणाऱ्या शेळ्या तिला वाट सोडून जाऊ लागल्या. "हिला आपल्या मिठाची चव नको, मग कुणाच्या हवी आहे?" असे कुणीतरी तिला ऐकू जाईल इतपत हळू बोलले. ती रोज करडघरात जाई आणि तटाला शिंग टेकवी. आता टण्ण असाही आवाज येत नव्हता. झांज वाजून गेल्यावर मागे जशी कंपने राहतात तसे काहीतरी शिंगातून डोक्यात उतरे. करडे मात्र बाळसे धरत होती. पांढऱ्याला कपाळ भिंतीला घासायची सवय लागली होती. भिंत कोमट असे म्हणून त्याला तिथे छान झोप लागे.

"परवानगी आण," खैरी रोज म्हणे. आता ती हळू बोलत नसे. बाकीच्या शेळ्या ऐकताहेत याचेही तिला भान नसे.

शेवटी किल्लेदारानेच कापशीला बोलावले.

"उद्या दुपारी सगळ्या गडाची शपथ आहे," तो म्हणाला. "सगळे झाल्यावर, सर्वांच्या देखत, शेवटी तू आत जा. सगळ्यांना तुझी पांढरी जीभ दिसू दे. एकट्या तुझ्या कोरड्या जिभेने माझा अर्धा कळप झोपत नाही, बाळ."

"आणि करडं?"

"तू बाहेर येऊन जीभ दाखवलीस की त्याच क्षणी. खैरीने करडं उचलावीत आणि झऱ्याकडे न्यावीत. तिच्या नवऱ्याला कुणी बोट लावणार नाही. माझा शब्द."

त्याचा शब्द खरा असे, हे सगळ्या गडाला माहीत होते. कापशीने मान हलवली. नुसते नाक टेकवून परत यावे असा विचार तिच्या मनात आला, पण त्याने साय धरत नाही. एकदाच, पूर्ण जीभ, एकदाच फिरवायची. एवढ्या मोठ्या तटाचे एका जिभेने काय होते, असे तिने स्वतःला समजावले. समजावताना तिला वाटले, हे वाक्य आपण इतक्या जणांच्या चेहऱ्यांवर पाहिले आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पश्चिमेच्या तटापुढे मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळ्यांच्या जिभा लावून झाल्या होत्या. खैरी करडघराच्या दारात, दोन्ही करडांना पोटाशी घेऊन, तयार उभी होती. कापशी तिच्यासमोरून गेली. किल्लेदाराने शिंग उंचावले तसा कळप गरजला, "तट अभेद्य! तट अभेद्य!"

कापशी आत शिरली.

कोनाडा आता इतका लांब झाला होता की गर्जना मागे राहिली आणि मग नुसती धडधड उरली. तिला कळेना, ती बाहेरच्यांची की आपल्या छातीची. वाट टोकाकडे अरुंद होत गेली. शिंगे दोन्ही बाजूंना घासली. वर कुठेतरी, इतक्या वर्षांच्या थरांखाली, काहीतरी करकरले, आणि तिच्या पाठीवर मिठाची भुकटी पडली. ती तिथेच दबून राहिली. मागे फिरायला जागा नव्हती. पुढे जायचे, जीभ लावायची, आणि उलट्या पावलांनी बाहेर यायचे. मग करडे सुटतील. ती तेवढेच मनात घोकत राहिली.

टोकाचा चिरा इतका उजळला होता की त्याच्याकडे बघवत नव्हते. कापशीने डोळे मिटले आणि जीभ फिरवली. एकदा.

डोळे उघडले तेव्हा उजेडात आकार होते.

खाली, ओळीने, लहानमोठ्या बसक्या सावल्या. कान ताठ. एकही हलत नव्हती. सूर्य त्यांच्या मागे होता आणि त्यांची एकेक मिशी चिऱ्यावर रेखून काढल्यासारखी दिसत होती. तिच्या डोळ्यांदेखत मधली एक सावली सावकाश उठली, जवळ आली, मोठी झाली, आणि चिरा अर्धा झाकोळला.

"खैरे!" कापशी मान वळवता येईल तेवढी वळवून ओरडली. "करडं घे! माझी वाट बघू नकोस, आत्ता घे आणि पळ!"

"तट अभेद्य!" मागून गर्जना आली. कोनाड्यातून घुमत येणारा आवाज म्हणजे शपथ, एवढेच कळपाला ठाऊक होते.

"भुऱ्यादादा! तू पाहिलंयस! सांग त्यांना!"

"तट अभेद्य!"

"आत्या! किल्लेदार! अहो, ऐका कुणीतरी!" तिने मागे सरकायचा प्रयत्न केला, पण भेदरलेले पाय तिचे ऐकेनात. मिठाची भुकटी आता धारेसारखी गळत होती. "कुणी आहे का? अहो, कुणीतरी ओ द्या!"

मागचा कळप पुढच्या गर्जनेसाठी श्वास घ्यायला थांबला. क्षणभर सगळे शांत झाले. आणि त्या शांततेत तिच्या हाकेला ओ आली. आवाज समजूतदार होता, घाई नसलेला, आणि इतका जवळून आला की तिच्या नाकासमोरचा चिरा श्वासाने धुरकटला.

"आहोत ना आम्ही," चिऱ्यापलीकडून कुणीतरी म्हणाले. "थांबलीस का, बाई? घे की शपथ."